उपडा तांब्या

घर बघायचं तर आधी मोरी बघावी, हॉल मागाहून. हॉल काय, सगळेच रंगवून ठेवतात. मी सिंकखाली वाकून वास घेते, भिंतीवर नख मारून पोपडा निघतो का पाहते, फ्लश ओढते, आणि गॅलरीच्या स्लॅबमधून सळया डोकावत असल्या तर चहालासुद्धा न थांबता परत फिरते. पनवेलमधले एजंट मला ओळखून होते. सुरैय्याभाभी आल्या की घरमालकाचा चेहरा उतरतो, असं कमलाकर एजंट माझ्या तोंडावर म्हणायचा आणि मला ते ऐकून बरंच वाटायचं.

पण दोन हजार अकराच्या त्या मे महिन्यात नखरे करण्याची माझी स्थिती नव्हती. अब्बांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दिवसाआड डायलिसिस, तेही पनवेलला, आणि आमचं घर चिरनेरच्या पलीकडे. उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक उभे असायचे, त्यात आमची रिक्षा अडकली की अब्बा सीटवर आडवे व्हायचे आणि माझा जीव टांगणीला लागायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की हॉस्पिटलजवळ राहायला या, नाहीतर आजाराच्या आधी हा रस्ताच त्यांना नेईल. माझा नवरा नावेद कुवेतला, अम्मी कधीच गेलेली. अब्बांना मी आणि मला अब्बा, एवढाच हिशेब होता.

करंजाड्याला नव्या बिल्डिंगी पुष्कळ होत्या. लिफ्ट होती, टाइल्स चकचकीत होत्या, एजंटही गोड बोलायचे. मग आमची नावं विचारली जायची आणि तो फ्लॅट नेमका कालच कोणीतरी घेतलेला निघायचा. मला राग यायचा, पण अब्बा हसायचे. म्हणायचे, बरं झालं, कालच्या माणसाला घर तरी मिळालं.

शेवटी कमलाकरने ‘कार्मेल’ काढली. वडाळे तलावाच्या मागच्या बाजूला तीन मजल्यांची जुनी इमारत. तिथल्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी मिळून फार पूर्वी बांधलेली, आता त्यांतले बहुतेक इस्रायलला गेलेले आणि फ्लॅट भाड्याने दिलेले. पहिल्या मजल्यावर अबीगेलबाई म्हणून एकट्याच राहत होत्या, समोरचा रिकामा फ्लॅटही त्यांचाच. त्या कोणाची जात विचारत नाहीत, हॉस्पिटल चालत जाता येईल इतकं जवळ आहे आणि करार लगेच करून टाकू, असं कमलाकर म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, पाण्याचं तेवढं नीट बघून घ्या. मला हसू आलं. मे महिन्यात देहरंगच्या धरणाचा तळ दिसायला लागला की पनवेलमध्ये पाण्याचं कोण बघत नाही?

अब्बांनी हट्टच धरला की तेही येणार. डायलिसिस झालं की ते धुतलेल्या कपड्यासारखे पिळून निघायचे, तरी म्हणाले, “त्या घरात मरायचं मला आहे. पसंत मीच करणार.”

अशी थट्टा ते नेहमी करायचे आणि मी नेहमी रागवायचे. माझ्या पर्समध्ये त्यांच्या पाण्याची बाटली असायची, तिच्यावर मी मार्करने रेघ मारलेली. दिवसभरात त्या रेघेपर्यंतच पाणी, थेंबही जास्त नाही, कारण शरीरातून ते बाहेर जायची सोयच उरली नव्हती. जास्त झालं की छातीत भरायचं. दोन वर्षं मी ती रेघ सांभाळली होती. रात्री ते ओठांवरून जीभ फिरवत पडलेले दिसायचे, मग मी बर्फाचा एक खडा द्यायचे आणि पाठ फिरवायचे. ते मला पाण्याची दारोगा म्हणायचे. माझं त्यांच्यावर किती प्रेम होतं हे त्या रेघेखेरीज मला कसं दाखवता आलं असतं, मला माहीत नाही.

कमलाकरने गेटवरच किल्ली माझ्या हातात ठेवली. वर या म्हटलं तर त्याला एक फोन करायचा होता. अब्बा कठड्याला धरून एक एक पायरी चढले. वरच्या मजल्यांच्या दारांबाहेर पाण्याची निळी पिंपं भरून, ताटल्या झाकून ठेवलेली जिन्यातूनच दिसत होती. आमच्या दाराच्या चौकटीवर एक बारीक पितळी नळी तिरकी ठोकलेली होती. हे लोक येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना टेकवतात, ते मी मोहल्ल्यातल्या एका जुन्या शेजारणीकडे पाहिलं होतं.

आतला हॉल मोठा होता, उजेडाचा होता आणि थंड होता. मे महिन्याच्या दुपारी, पंखा बंद असताना, थंड. मला ते आवडायला हवं होतं, पण अंगावर शहारा आला. खोलीत एकच लाकडी खुर्ची होती. अब्बा तीत बसले, म्हणाले हवा छान आहे, आणि मी सवयीप्रमाणे आधी मोरीकडे गेले.

स्वयंपाकघरात एक स्टीलचं पिंप, एक हंडा आणि एक बादली होती. तिन्ही उपडी घातलेली. आणि त्यांच्याभोवती फरशी ओली होती. फ्लॅट दिवाळीपासून बंद आहे असं कमलाकर म्हणाला होता. चला, गळती सापडली, म्हणून मी मनातून खूश झाले. दोष हाती लागला की मला घर आपलं वाटायला लागतं. सिंकखाली पाहिलं, पाइपावरून हात फिरवला, छताला ओल शोधली. सगळं कोरडं होतं. मग हंडा उचलून बघितला. त्याच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं, आत्ताच कोणीतरी ओतून ठेवावा तसा.

नळ उघडला तर मनगटाएवढी धार आली. आता आमच्या गावात बायका टँकरमागे कळशी घेऊन धावतात, मीही धावले आहे. वाहता नळ दिसला आणि भांडं भरलं नाही, असं माझ्या हातून होतच नाही. घर आपलं नाही, करार झालेला नाही, तरी मी पिंप भरलं, हंडा भरला, बादली भरली. हॉलमधून अब्बांनी विचारलं, पाणी आहे वाटतं? त्यांच्या आवाजातली आशा मला ओळखू आली. मी म्हटलं, आहे, पण तुमच्यासाठी नाही.

मग गच्चीवर गेले, कारण नळाची धार काहीही सांगो, टाकी बघितल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? सिमेंटच्या टाकीचं झाकण जड होतं. ते सरकवून आत वाकले तर तळाशी हिरवट ओल होती आणि एक मेलेलं कबुतर. बाकी काही नव्हतं. खालच्या नळाला नगरपालिकेची लाइन सरळ जोडली असेल, असं मी स्वतःला समजावलं. दुपारी मात्र नगरपालिकेचं पाणी येत नाही, हेही मला माहीत होतं.

परत आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. पिंप, हंडा, बादली, तिन्ही पुन्हा उपडी होती. मोरीकडे पाण्याचा शेवटचा ओघळ चालला होता. एवढं भरलेलं पिंप पालथं करायला दोन माणसं लागतात आणि दणका शेजारपाजारी ऐकू जातो. मला गच्चीवर काही ऐकू आलं नव्हतं.

मी अब्बांवर ओरडले. ते चक्रावले. म्हणाले, “मी कशाला उठू? त्या बाई आल्या होत्या ना. कासोट्याचं हिरवं लुगडं. मी सलाम केला, त्या हसल्या आणि सरळ आत गेल्या.”

मालकीणबाईंचा मला भयंकर राग आला. घर भाड्याने द्यायचं आणि दार न वाजवता आत यायचं, वर लोकांनी भरलेलं पाणी ओतायचं. मी मुद्दाम तिन्ही भांडी पुन्हा काठोकाठ भरली. मग अब्बांना जागेवरून हलू नका म्हणून बजावलं आणि समोरचं दार वाजवलं.

दार उघडायला फार वेळ लागला. अबीगेलबाई वॉकरला धरून उभ्या होत्या, अंगात फुलाफुलांची मॅक्सी, गुडघ्याला पट्टा. ही बाई भरलेलं पिंप तर सोडा, स्वतःला दोन पावलं हलवताना धापत होती. माझा राग तिथेच जिरला. तरी झालं ते सांगितलं, जरा खालच्या आवाजात. त्या बाई हिरव्या लुगड्यात होत्या असं म्हटल्यावर अबीगेलबाईंनी मला आत घेतलं आणि खुर्चीवर बसवलं. त्यांच्या ओट्यावरचा माठही उपडा होता.

त्या म्हणाल्या, “आमच्यात माणूस गेलं की घरातलं भरलेलं सगळं पाणी ओतून टाकतात. शेजाऱ्यांकडचंसुद्धा. मौतीचा फरिश्ता आपली सुरी त्या पाण्यात धुतो, असं जुनी माणसं सांगायची. ते कोणाच्या पोटात जाऊ नये.”

मलकुलमौत आमच्याकडेही येतो. त्याच्या सुरीचं मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. मी मान हलवली आणि त्यांनी गंगाबाईची गोष्ट सांगितली. गंगाबाई जिन्याखालच्या खोलीत राहायची आणि कार्मेलमधल्या सगळ्या घरांची धुणीभांडी करायची. ज्यांच्याकडे मयत झालेली, त्यांना पाण्याचं भान कुठून असणार? म्हणून ते काम तिने आपल्याकडे घेतलं होतं. कोणाला न सांगता ती घराघरांत शिरायची, भांडी उपडी करायची आणि पुढच्या दाराला जायची. बेल नाही, रडारड नाही. स्वयंपाकघरात भांडी पालथी दिसली की समजायचं, कार्मेलमधलं कोणीतरी गेलं. ती हिंदू होती, पण हे काम आमच्यातल्या कोणालाही तिच्याइतकं नीट जमलं नाही, असं अबीगेलबाई म्हणाल्या. मग ती स्वतःच गेली. त्या दिवशी तिच्यासाठी भांडी उपडी करत फिरायचं कोणालाच सुचलं नाही. नंतर एकदा सकाळी अबीगेलबाई उठल्या तर त्यांचा माठ पालथा होता आणि त्यांचे यजमान इसाजी आरशासमोर दाढी करत होते. संध्याकाळी ते गेले.

“तेव्हापासून ती आधी येते,” अबीगेलबाई म्हणाल्या. “वाईट नाही गं ती. सावध करते.”

त्यांची मुलं, ओर्ली आणि एलाद, त्यांना इस्रायलला बोलवत होती. त्या गेल्या नव्हत्या, जाणारही नव्हत्या. तिकडे आपलं पाणी ओतायला कोण येणार, असं त्या अगदी सहज म्हणाल्या. आज पहाटे माठ उपडा दिसला तेव्हा त्यांना वाटलं आपलीच पाळी आली. त्यांनी आंघोळ केली, धुतलेली चादर काढून पलंगावर घातली आणि वाट बघत बसल्या.

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. म्हातारीचा दिवस भरला असेल, तिच्या शेजारचं घर म्हणून आमच्याकडे ओतलं असेल. पुढचं मी मनातल्या मनात जुळवूनसुद्धा टाकलं होतं. असल्या घरात अब्बांना आणायचं नाही, रिक्षा करायची आणि उरणचा रस्ता धरायचा. ट्रेलर तर ट्रेलर.

मी उठणार, तेवढ्यात अबीगेलबाईंनी माझा हात धरला. त्यांची बोटं गार होती.

“तुमच्याकडे दोनदा ओतलं म्हणालीस?”

मी म्हटलं, आले तेव्हा एकदा आणि गच्चीवरून आले तेव्हा एकदा.

“शेजाऱ्याकडे ती एकदाच येते,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “तू परत भरून आलीस का?”

हो म्हणताना माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी भरून आले होते, काठोकाठ, हट्टाने भरून आले होते, आणि त्या पाण्यापाशी दोन वर्षं तहानलेला माणूस एकटा बसवून आले होते. चप्पल तिथेच राहिली. जिन्याचा तो छोटासा चौक मी कसा ओलांडला मला आठवत नाही.

स्वयंपाकघरात तिन्ही भांडी पालथी होती. अब्बा खुर्चीतच होते. त्यांची दाढी भिजली होती, सदऱ्यावर पाण्याचे डाग होते, आणि पायाशी पितळेचा एक तांब्या उपडा ठेवलेला होता. मी त्या घराचा कोपरान् कोपरा बघितला होता. तांब्या तिथे नव्हता.

“किती प्यालात, अब्बा?”

“सगळा,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची भीती नव्हती. घरी कधी एक घोट जास्त घेतला तरी लहान मुलासारखे माझी नजर चुकवायचे. आता सरळ माझ्याकडे बघत होते. “त्या बाईंनी दिला. पोटभर प्या, म्हणाल्या. प्याल्यावर उपडा ठेवा म्हणाल्या, म्हणून ठेवला.”

मी गॅलरीत धावले. गेटपाशी कमलाकर उभा होता. रिक्षा आण म्हणून हाक मारली, त्याने माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता पळाला. हॉस्पिटलला फोन लावला तो वाजत राहिला. चालत जाता येईल इतकं जवळ होतं हॉस्पिटल. त्यासाठीच तर हे घर बघायला आलो होतो.

“बस जरा,” अब्बा म्हणाले. “रागावू नकोस. तुझ्या अम्मीच्या माठातलं असायचं ना, तसं होतं. तहान गेली, पोरी. पूर्ण गेली.”

मी त्यांच्या पायाशी ओल्या फरशीवर बसले. काय करू शकत होते? त्यांचा डावा हात मांडीवर घेतला. डायलिसिसच्या सुईसाठी त्या हातातल्या शिरा ऑपरेशन करून जोडलेल्या होत्या. तिथे बोट ठेवलं की आत सतत घरघर लागायची, झोपलेलं मांजर घुरघुरतं तशी. ती चालू आहे ना, हे मी रोज निजण्याआधी बघायचे. आत्ताही चालू होती. मी मनात कलमा म्हणायला लागले आणि बोट हलवलं नाही.

अब्बा भिंतींकडे बघत होते. म्हणाले, घर छान आहे, उजेड आहे. खिडकीतून तलाव दिसतो का ते मी पाहिलं का, असं त्यांनी विचारलं. मी नव्हतं पाहिलं. मी मोरी बघितली होती, टाकी बघितली होती, पण खिडकी उघडायची राहूनच गेली होती. बघते म्हटलं, पण उठले नाही. त्यांनी डोळे मिटून मान मागे टेकवली.

तेवढ्यात वर कुठेतरी पाणी सांडल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या बाजूने आला. मग त्याच्याही वरून. भांडी आपटत नव्हती, कोणी बोलत नव्हतं, फक्त पाणी ओतलं जात होतं, एका दारापाशी, मग पुढच्या दारापाशी. वरच्या मजल्यांवरच्या कोणालाही काही कळायला वेळच मिळाला नव्हता. मला त्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती. आमच्या उघड्या दारातून मला जिना दिसत होता. वरून पाणी उतरत होतं, पायरीवरून पायरीवर, कसलीही घाई नसल्यासारखं, आणि आमच्या उंबऱ्याशी वळून खाली जात होतं.

समोरच्या दारात अबीगेलबाई वॉकर धरून उभ्या होत्या. त्यांनी चौकटीला हात लावला आणि बोटं ओठांना टेकवली.

मग माझ्या लक्षात आलं की माझ्या बोटाखाली काही लागत नाही. मी बोट सरकवून दुसरीकडे ठेवलं, जरा दाबून पाहिलं. हात अजून गरम होता. चेहरा वर करून बघायची मला गरज नव्हती. मी इन्ना लिल्लाह म्हटलं, आणि तो हात पुन्हा त्यांच्या मांडीवर नीट ठेवला.

कमलाकर धापा टाकत वर आला, रिक्षा आली म्हणाला, आणि भिजलेल्या पायऱ्यांकडे त्याचं लक्ष गेलं. तो तिथेच थांबला. खाली वाकून त्याने चपला काढून हातात घेतल्या.

मी पर्स उघडली. बाटलीतलं पाणी रेघेपर्यंत तसंच होतं. त्या दिवशी अब्बांनी त्यातला एक घोटही मागितला नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले, झाकण काढलं आणि सगळं पाणी मोरीत ओतलं. मग रिकामी बाटली त्या तीन भांड्यांच्या शेजारी उपडी ठेवली.